फवारूनही काकडीची पानं पुन्हा पुन्हा जातात? आधी पान उलटून पाहा

तक्रार बहुतेक सगळ्यांची सारखीच असते. वेल मांडवाला लागलेला, पहिल्या चार-पाच काकड्या धरलेल्या, आणि नेमके तेव्हाच बुडाकडच्या पानांवर पिवळे डाग दिसू लागतात. मग कडुनिंबाचं तेल, आठवड्याने ताक, त्यानंतर दुकानदाराने हातावर ठेवलेली पुडी. डाग वर सरकत राहतात आणि तीन-चार आठवड्यांत वेलाला शेंड्याकडची पाच-सहा पानं उरतात. पुढच्या हंगामात कुंडीतली माती बदलली, बी नवं आणलं, तरी तेच.

माती बदलून फरक पडत नाही, कारण काकडीची पानं घालवणारे दोन मुख्य रोग, केवडा आणि भुरी, मातीत राहत नाहीत. दोघांनाही जगायला जिवंत पान लागतं आणि दोघंही वाऱ्याबरोबर येतात. मात्र पाण्याच्या बाबतीत त्यांचा स्वभाव उलटा आहे. केवड्याला पानावर पाण्याचा थर असल्याशिवाय आत शिरता येत नाही. भुरीला असं पाणी लागत नाही, उलट जोराच्या पावसाने ती धुऊन जाते. म्हणून एकासाठी केलेला उपाय दुसऱ्यावर वाया जातो आणि कधी कधी दुसऱ्याला रान मोकळं करून देतो. 'पानावर बुरशी आली, काय मारू?' या प्रश्नाला रोगाचं नाव कळल्याशिवाय उत्तर नाही.

रोग ओळखा, तोही सकाळी

केवड्याचा डाग पानाच्या वरच्या बाजूने फिकट पिवळा असतो आणि त्याला कोपरे असतात. तो शिरेपाशी येऊन अडतो, म्हणून गोल न दिसता चौकोनी-त्रिकोणी दिसतो. काही दिवसांत मधला भाग तपकिरी होतो, असे डाग एकमेकांना मिळतात आणि पान कडेने वर वळून वाळतं. देठ बराच काळ हिरवाच असतो. खरी खूण पानाच्या पाठीला असते: डागाच्या बरोबर मागे करड्या-जांभळट रंगाची बारीक लव. ही लव दव किंवा पावसाची ओल असेपर्यंत, साधारण सकाळी सात ते नऊच्या दरम्यान, स्पष्ट दिसते. ऊन चढलं, पान सुकलं की ती दिसेनाशी होते. संध्याकाळी कामावरून येऊन पान पाहणाऱ्यांना ती सापडत नाही, आणि मग खताची कमतरता समजून पोटॅश घातलं जातं.

शंका राहिली तर घरच्या घरी एक खात्रीची चाचणी आहे. नुकता पिवळा डाग पडलेलं, अजून न वाळलेलं पान संध्याकाळी तोडा. झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत ओला करून पिळलेला टिश्यू पेपर ठेवा, त्यावर पान पाठ वर करून ठेवा, पिशवी बंद करून रात्रभर कपाटात ठेवा. या रोगाचे बीजाणू दमट हवेत आणि अंधारातच तयार होतात, म्हणून कपाट. सकाळी डागांच्या पाठीवर जांभळट लव उठलेली दिसली तर केवडा नक्की. दहापट भिंग असेल तर लवेचे उभे तंतू आणि टोकाचे काळसर ठिपकेही दिसतात. एका रात्रीत काही उठलं नाही तर पिशवी आणखी एक रात्र ठेवा.

भुरीला इतका खटाटोप लागत नाही. पिठाची चिमूट सांडावी तसे पांढरे गोल ठिपके आधी जुन्या, सावलीतल्या पानांवर येतात आणि पुढे दोन्ही बाजूंनी, देठावर आणि वेलाच्या खोडावरही पसरतात. ओल्या बोटाने पुसलं तर पांढरं निघून येतं आणि खाली पान अजून हिरवं असतं. पुसून जात नसेल तर ती भुरी नव्हे. डांगर आणि झुकिनीच्या काही वाणांच्या पानांवर शिरांच्या बेचक्यांत चंदेरी छटा जन्मतःच असते. तिच्यावर गंधक मारणारेही काही कमी नाहीत.

तिसरा करपा. त्याचे डाग तपकिरी, साधारण गोल असतात आणि शिरांना जुमानत नाहीत. वाळलेला मधला भाग तडकून फाटतो. खोडावर लांबट खोलगट चट्टे येतात आणि फळावर खड्ड्यासारखे डाग पडून ओल्या हवेत त्यांत गुलाबीसर चिकट थर दिसतो. केवडा आणि भुरी फळाला सहसा हात लावत नाहीत, त्यामुळे फळावर डाग असतील तर संशय करप्याकडे न्यावा. डागात एकात एक वलयं दिसली तर तो अल्टरनेरिया या दुसऱ्या बुरशीचा करपा. हे दोन्ही करपे वाळलेल्या पाल्यात टिकून राहतात, म्हणजे माती आणि पाला यांची काळजी इथे मात्र खरोखर उपयोगाची.

कोनीय पानठिपक्यांचा रोग केवड्यासारखाच कोपरे असलेला डाग पाडतो, पण तो जिवाणूचा आहे. डाग सुरुवातीला पाणी भरल्यासारखा दिसतो, पाठीवर लव नसते. ओल्या सकाळी तिथे थेंब दिसतात आणि ते सुकले की पांढरी पापडी उरते. नंतर डागाचा मधला भाग गळून पानाला भोकं पडतात. मँकोझेबसारख्या बुरशीनाशकाचा त्यावर काही परिणाम होत नाही. तांब्याच्या औषधाचा थोडा होतो.

उरलेलं झटपट. पानात पांढऱ्या नागमोडी रेषा म्हणजे नागअळी. बारीक पिवळे टिपके आणि पाठीवर जाळी म्हणजे लाल कोळी. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तोही फक्त जुन्या पानांत सारख्या प्रमाणात, तर मॅग्नेशियमची कमतरता. त्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट ५ ग्रॅम प्रति लिटर फवारून आठवडाभर पाहा. आणि दीड-दोन महिन्यांच्या वेलाची बुडाची दोन-तीन पानं पिवळी पडणं हा रोग नाही, ते वय.

दर वेळी परत का येतो

केवड्याला, स्यूडोपेरोनोस्पोरा क्युबेन्सिस हे त्याचं शास्त्रीय नाव, आपण सवयीने बुरशी म्हणतो. खरं तर तो खऱ्या बुरशींच्या कुळातला नाही, पाण्यातल्या शेवाळांना जवळच्या गटातला आहे. हा केवळ पुस्तकी तपशील नाही. त्याचे बीजाणू पानावरच्या पाण्यात पोहणारे सूक्ष्म जीव सोडतात, आणि ते मुख्यतः पानाच्या पाठीवरच्या रंध्रांतून आत शिरतात. १५ ते २० अंश तापमानात दोन तास पान ओलं राहिलं तरी लागण होऊ शकते, सहा तास ओलं राहिलं तर ती चांगलीच होते. लागण झाल्यावर चार दिवसांपासून बारा दिवसांपर्यंत केव्हाही डाग दिसतो. म्हणजे आज दिसणारा डाग मागच्या आठवड्यातल्या ओल्या रात्रीचा असतो, आणि आज न दिसणारे कितीतरी पानात आधीच आहेत.

कोकणात आणि घाटावर पावसाळ्यात पान रात्रभर ओलं असतंच. जूनच्या मध्यावर लावलेल्या वेलाला जुलैच्या उत्तरार्धात झड लागते, आणि पहिले डाग त्यानंतरच्या उघडिपीत डोळ्यांत भरतात. 'ऊन पडलं आणि रोग आला' असं वाटतं, पण तो आला झडीतच. देशावर आणि मराठवाड्यात पावसाळा सुटला तरी नोव्हेंबर-डिसेंबरचं दाट दव तेच काम करतं.

भुरी, म्हणजे पोडोस्फेरा झँथी, तिचा काळ वेगळा. पाऊस थांबला, दिवसा कोरडं आणि रात्री दमट, तापमान २० ते २७ अंश, अशी हवा तिला मानवते. आपल्याकडे साधारण नोव्हेंबर ते मार्च. दाटी आणि सावली तिला फार आवडते. गच्चीवर पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी बांधून तिच्याखाली काकडी लावणाऱ्यांना भुरी हटकून भेटते, कारण काकडीला किमान सहा तास थेट ऊन लागतं आणि जाळीखाली ते निम्मं होतं. पावसापासून बचावासाठी मांडवावर पारदर्शक प्लॅस्टिक टाकलं तर केवडा लक्षणीय कमी होतो, हे खरं. पण पान धुणारा पाऊसही थांबतो आणि दोन-तीन आठवड्यांत त्याच छपराखाली भुरी उगवते. छप्पर टाकायचं असेल तर टाकाच, फक्त चारही बाजू उघड्या ठेवा आणि तिथून पुढे लक्ष भुरीवर वळवा.

बीजाणू येतात कुठून? शेजारच्या दोडक्यावरून, कुंपणावरच्या घोसाळ्यावरून, आपल्याच जुन्या वेलावरून. आपल्याकडे वेलवर्गीय भाज्या बारा महिने कुठे ना कुठे असतात, त्यामुळे वाऱ्यातला पुरवठा तुटत नाही. द्राक्षावरचा केवडा, आंब्याच्या मोहोरावरची भुरी, गुलाबावरची भुरी हे वेगळे जीव आहेत. ते काकडीवर येत नाहीत आणि काकडीवरचे तिकडे जात नाहीत. गुलाबाला दोष देऊन तो हलवण्यात अर्थ नाही, हलवायचा तर जुना दुधी हलवा.

सगळ्यात मोठं कारण मात्र आपणच तयार करतो. आधीचा वेल आजारी असला तरी 'अजून दोन काकड्या निघतील' म्हणून ठेवलेला असतो आणि त्याच्याच शेजारी नवं बी टोचलेलं असतं. नवं रोप दुसऱ्या पानावर असतानाच त्याच्यावर रोज सकाळी बीजाणूंचा सडा पडतो.

केवडा दिसल्यावर

पहिलं काम कात्री, फवारा नंतर. निम्म्याहून जास्त डागाळलेली पानं देठासकट काढा, पण एका वेळी वेलाच्या एकूण पानांपैकी एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. एकदम बोडका केलेला वेल फळं वाकडी आणि कडू देतो आणि उघडी पडलेली काकडी उन्हाने भाजते. जमिनीपासून दीड फुटापर्यंतची पानं मात्र निरोगी असली तरी काढून टाकावीत. तिथे हवा खेळत नाही आणि मातीचे शिंतोडे तिथेच बसतात.

पान काढण्याची वेळ रोगाप्रमाणे बदलते. केवड्याचे बीजाणू सकाळी पान सुकायला लागलं की हवेत उडतात, म्हणून ते पान त्याआधी, ओलं असतानाच, पानावर पिशवी चढवून मग देठ कापा. करपा किंवा जिवाणूचे ठिपके असतील तर उलट करा: वेल पूर्ण कोरडा होईपर्यंत त्याला हातच लावू नका, कारण ते दोन्ही ओल्या हातांनी आणि कात्रीने एका पानावरून दुसऱ्यावर जातात. दर वेलानंतर कात्री स्पिरिटने पुसा. केवड्याची आणि भुरीची पानं खड्ड्यात पुरली, कंपोस्टच्या पोटात दाबली तरी चालतात, पान मेलं की तेही मरतात. करप्याचा पाला घरच्या कंपोस्टमध्ये घालू नये, तिथे तो मरेल इतकी उष्णता क्वचितच तयार होते.

पाणी आळ्यात, बुडाशी, सकाळी. झारीने वरून अंघोळ घालणं बंद. आळ्यावर भाताचा पेंढा किंवा वाळका पाला दोन-तीन इंच पसरा, खोडापासून चार बोटं सोडून. युरिया आणि शेणाची पातळ स्लरी पंधरा दिवस थांबवा. नत्राने फुटलेलं लुसलुशीत पान दोन्ही रोगांना सोपं जातं आणि दाटीही वाढते.

मग तांबं. केवड्यावर घरगुती उपायांपैकी खरोखर काम करतं ते हेच, आणि त्याचा इतिहासही केवड्याचाच आहे: १८८५ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो भागात वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी द्राक्षावरच्या केवड्यासाठी मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याचं मिश्रण पुढे आणलं, तेच बोर्डो मिश्रण. द्राक्षासाठी सर्रास वापरतात ते एक टक्क्याचं मिश्रण काकडीच्या कोवळ्या पानांना जड जातं, अर्धा टक्का पुरे.

पाच लिटरसाठी २५ ग्रॅम मोरचूद आणि २५ ग्रॅम कळीचा चुना घ्या. कळीच्या चुन्याऐवजी विरवलेली चुन्याची पूड असेल तर ३३ ग्रॅम. मोरचूद कुटून अडीच लिटर पाण्यात प्लॅस्टिकच्या बादलीत विरघळवा. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं अजिबात नको. चुना वेगळ्या बादलीत थोड्या पाण्यात विरवा, तो तापतो, तेव्हा तोंड लांब ठेवा. थंड झाल्यावर अडीच लिटर करून फडक्याने गाळा. मग चुन्याच्या पाण्यात मोरचुदाचं पाणी बारीक धारेने ओतत काठीने ढवळत राहा. उलट करू नका, चुना मोरचुदात ओतला तर कण मोठे होतात आणि नोझल तुंबतं. आभाळी निळा रंग आला पाहिजे. एक स्वच्छ, न गंजलेला खिळा मिनिटभर बुडवून काढा. त्यावर तांबूस थर चढला तर मिश्रण अजून आम्लधर्मी आहे आणि पानं जाळेल, थोडं चुन्याचं पाणी वाढवून पुन्हा तपासा. मिश्रण त्याच दिवशी संपवा. रात्रभर ठेवलेलं बोर्डो मिश्रण टाकून द्यायचं. मोरचूद विषारी आहे, वापरलेली बादली आणि काठी स्वयंपाकघरात परत येता कामा नये.

एवढं करायचं नसेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइड ५० टक्के पावडर २ ते २.५ ग्रॅम प्रति लिटर. मळभ असेल आणि पान तीन-चार तास सुकणार नसेल तर तांबं मारू नका. सावकाश सुकणाऱ्या पानावर ते जास्त विरघळतं आणि पानाच्या कडा पिवळ्या पडून जळतात. मग ती जळलेली कड पाहून 'रोग वाढला' म्हणून दुसरा हात मारला जातो.

तांबं संरक्षक आहे, औषध नव्हे. जे पान आधीच लागलेलं आहे ते बरं होणार नाही, आणि चार-पाच दिवस नवे डाग दिसत राहतीलच. फवारा लागू पडला का हे जुन्या पानांवरून ठरवू नका. शेंड्याकडच्या पाचव्या पानाच्या देठाला दोरा बांधा आणि दहा दिवसांनी दोऱ्याच्या वरची पानं पाहा. ती स्वच्छ असतील तर तुम्ही जिंकताय, खालची कितीही भयाण दिसली तरी. पावसाळ्यात सात दिवसांनी, उघडीप असेल तर दहा दिवसांनी पुन्हा. मध्ये जोराची सर पडली तर दिवस मोजत बसू नका, पान सुकलं की मारा.

कडुनिंब तेल, ताक, राख यांचा केवड्यावर भरवसा धरू नये. राख कोकणात पिढ्यान्‌पिढ्या वेलांवर भुरभुरतात ती तांबड्या भुंगेऱ्यांसाठी, आणि तिथे तिचा उपयोगही होतो. ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मुळांशी घालणं चांगलंच, पण ती मुळांना रोगांपासून राखणारी पहारेकरी, पानावरच्या केवड्याशी तिचा फारसा संबंध नाही.

भुरीसाठी सोपे उपाय खरंच चालतात

इथे घरगुती उपायांना वाव आहे, कारण भुरी पानाच्या वरच पसरते, आत फक्त शोषणाऱ्या नळ्या घालते. अट एकच: पहिले पाच-दहा ठिपके दिसताच सुरू करायचं. पान पांढरंफट झाल्यावर दुधाने काही होत नाही.

दुधाची गोष्ट थट्टेची नाही. १९९९ मध्ये ब्राझीलमधले संशोधक वाग्नर बेत्तिओल यांचा हरितगृहातल्या झुकिनीवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. गाईचं दूध पाण्यात दहा टक्के किंवा त्याहून जास्त प्रमाणात मिसळून फवारल्यावर भुरी चांगली आटोक्यात राहिली. घरी १०० मिली दूध आणि ९०० मिली पाणी, आठवड्यातून एक-दोनदा, सकाळी उन्हात. प्रमाण तिपटीने वाढवलं तर पानावर दुसरीच निरुपद्रवी बुरशी आणि वास येतो, फायदा वाढत नाही. ताक वापरायचं तर दोनदा गाळून, नाहीतर लोण्याचे कण पंपात अडकतात.

पोटॅशियम बायकार्बोनेट मिळालं तर ५ ग्रॅम प्रति लिटर, सोबत अर्धा मिली स्टिकर, म्हणजे द्रावण पानाला चिकटून राहावं म्हणून घालतात ते. खाण्याचा सोडा याच प्रमाणात चालतो, पण त्यातलं सोडियम कुंडीत साठत जातं. दोन-तीन फवाऱ्यांच्या पुढे जाऊ नये.

कडुनिंब तेल ५ मिली आणि पातळ साबण २ मिली प्रति लिटर हे भुरीवर बऱ्यापैकी काम करतं. आधी तेल आणि साबण थोड्या कोमट पाण्यात फेटून दुधाळ करा, मग उरलेलं पाणी. तेल वर तरंगताना दिसलं तर ते फवारू नका, शुद्ध तेलाचे थेंब पानावर पारदर्शक जळके डाग पाडतात.

सगळ्यांत भरवशाचं गंधक: पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, २ ग्रॅम प्रति लिटर, दहा दिवसांनी. पण काकडी-खरबूज कुळ गंधकाला नाजूक आहे, खरबूज तर फारच. तापमान ३२ अंशांच्या वर जाणार असेल त्या दिवशी गंधक नको. तेलाचा फवारा झाला असेल तर गंधकाआधी दोन आठवडे जाऊ द्या, आणि उलटही तसंच. आधी दोन पानांवर मारून दोन दिवस थांबा. मार्चच्या मध्यानंतर विदर्भात-मराठवाड्यात गंधकाचा नाद सोडलेला बरा.

औषध बरोबर, तरी रोग थांबत नाही

तेव्हा चूक बहुधा हाताची असते. केवडा पाठीवरून शिरतो आणि आपण फवारतो पोटावर. मांडवाखाली उभं राहून नोझल वरच्या दिशेला वळवा, वेलाच्या आतल्या बाजूने सुरू करा आणि बाहेरून शेवट करा. सहा फुटी भरलेल्या वेलाला पाव ते अर्धा लिटर द्रावण लागतं. एक लिटरच्या हातपंपात आठ वेल 'उरकले' असतील तर ते फवारलेले नाहीत. थेंब बारीक हवेत, पान निथळू लागलं की थांबायचं. नोझल सकाळी कोमट पाण्यात भिजवून सुईने साफ केलं तर निम्म्या तक्रारी मिटतात.

वेळेचा पेच खरा आहे. सकाळी फुलं उघडी असतात आणि मधमाश्या कामावर असतात. संध्याकाळी उशिरा मारलं तर पान रात्रभर ओलं राहून केवड्याचंच फावतं. दुपारी साडेतीन-चारची वेळ धरावी: त्या दिवशीची फुलं मिटलेली असतात आणि अंधाराच्या आत पान सुकतं. दूध तेवढं सकाळी चालतं, त्याने मधमाशीला अपाय नाही.

आणि चमचा हे माप नव्हे. एका चमच्यात मावणारी पावडर औषधागणिक वेगळी भरते. सोनाराकडे असतो तसा छोटा वजनकाटा आता दोन-तीनशे रुपयांत मिळतो.

दुकानातून काय आणावं, काय नको

जुन्या शेतीपुस्तिकांत आणि फिरत्या संदेशांत भुरीसाठी अजूनही कॅराथेन आणि कॅलिक्झिन ही नावं दिसतात. कॅराथेन म्हणजे डिनोकॅप, त्यावर भारतात २०२३ मध्ये बंदी आली. कॅलिक्झिन म्हणजे ट्रायडेमॉर्फ, ते २०१८ मध्येच बंद झालं, त्याच यादीत बेनोमिल हे बुरशीनाशकही होतं. कपाटात जुनी बाटली असेल तर ती वापरू नये.

पावसाळ्यात केवडा हाताबाहेर जात असेल तर मँकोझेब ७५ टक्के पावडर, २ ते २.५ ग्रॅम प्रति लिटर, हे सर्वत्र मिळतं. तेही संरक्षकच. मेटॅलॅक्झिलसारखं आंतरप्रवाही औषध पानात शिरलेल्या केवड्यालाही गाठतं, पण केवडा त्याला फार लवकर सरावतो. इस्रायलमध्ये काकडीवर १९८० च्या सुमारासच दाद न देणारे वंश सापडले होते. म्हणून ते एकटं कधीच मारू नये, मँकोझेबबरोबरच्या मिश्रणातलं घ्यावं आणि लागोपाठ दोनदा नको. अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिनच्या गटातल्या बुरशीनाशकांचंही तसंच. अडचण अशी की परसातली काकडी एक दिवसाआड तोडावी लागते आणि या औषधांना तोडणीआधी थांबण्याचे दिवस असतात. पुडीवर काकडीचं नाव आहे का आणि थांबायचे दिवस किती, हे वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. सुट्या कागदात बांधून दिलेलं औषध घेऊच नका. पाकिटावरचा त्रिकोण पाहा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. घरच्या बागेत निळ्याच्या वर जाण्याचं कारण नाही.

फवारणीआधी लहानसहान काकड्याही तोडून घ्या, म्हणजे थांबण्याच्या दिवसांत फळ जून होत नाही आणि तोडून खाण्याचा मोहही होत नाही.

पुढची लावणी

वाण निवडताना 'केवडा सहनशील' हे शब्द शोधा. पॉइन्सेट हा जुना, सरळ (संकरित नसलेला) वाण बियांच्या दुकानात सहज मिळतो आणि केवडा, भुरी, करपा या तिन्हींना बऱ्यापैकी तोंड देतो. तो अमेरिकेत तयार झाला, पण त्याची केवड्याची प्रतिकारशक्ती भारतातून नेलेल्या काकडीच्या बियाण्यातून आलेली. तिने तिकडच्या काकडीला १९६० च्या दशकापासून तारलं आणि २००४ मध्ये केवड्याच्या नव्या वंशाने ती मोडली. तेव्हा सहनशील म्हणजे अभेद्य नव्हे. डाग उशिरा येतील, हळू वाढतील, एवढंच. पण साठ-पासष्ट दिवसांच्या पिकात दोन आठवड्यांचा उशीरही भरपूर झाला. कोकणात-गोव्यात गणपतीच्या तोंडावर तयार होणारी तवशी (तिकडची काकडी) लावायची असेल तर बी पहिल्या पावसाबरोबरच टाका. जुलैत लावलेल्या वेलाला कोवळ्या वयातच झडीला तोंड द्यावं लागतं.

जमिनीत दोन वेलांत दीड ते दोन फूट, २० लिटरच्या पिशवीत एकच वेल. दोन लावले तर फळं दुप्पट होत नाहीत, पानं होतात. वेल जमिनीवर पसरू न देता उभ्या जाळीवर चढवा, आणि जाळीची ओळ वाऱ्याच्या दिशेने ठेवा, आडवी नको, म्हणजे पान लवकर सुकतं. खालच्या सहा पेरांतल्या बाजूच्या फांद्या कोवळ्या असतानाच खुडा.

एकाच वेळी सगळे वेल लावू नका. पहिल्या लावणीनंतर चार आठवड्यांनी दुसरी, ती जुन्या वेलांपासून शक्य तितकी लांब आणि वारा येतो त्या बाजूला. करपा होऊन गेला असेल तर त्या आळ्यात किंवा पिशवीत दोन वर्षं काकडी-दोडका-दुधी-कारलं काही लावू नका, मेथी-पालक घ्या. त्या वेलाच्या फळाचं बीही धरू नका, करपा बियातून येतो.

जुना वेल कधी काढायचा? मधल्या पट्ट्यातली, म्हणजे सध्या फळं धरलेल्या पेरांची, निम्मी पानं गेली आणि दोऱ्याच्या वरच्या नव्या पानांवरही डाग आले, की त्या दिवशी. बुडाशी कापा, दोन दिवस जाळीवरच वाळू द्या, मग पानं चुरगळू न देता गुंडाळून पोत्यात भरा. हे काम दुसऱ्या लावणीच्या रोपांना तिसरं खरं पान फुटण्याआधी झालेलं असावं.